चार तारांचा प्लग

२००७ साल. मी बासष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण शेतावरचा मोटारपंप आजही मीच खोलतो, मीच बसवतो. घरात कॉम्प्युटर मीच आणला. त्यावर धाकटी सून आमच्या अड्याळ गावच्या लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका टाईप करून द्यायची. काम तिनं स्वतः जमवलेलं. नागपूरच्या मोठ्या मुलानं कॉम्प्युटर आपल्या दुकानासाठी मागितला आणि मी सुनेला न विचारता "घेऊन जा" म्हणून मोकळा झालो. सून नुसती "बरं" म्हणाली. दिलेला शब्द मी कधी मागं घेतलेला नाही.

मोठा न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर बंद. पंखा फिरे, पडदा काळा.

कॉम्प्युटरच्या मिस्त्रीला बोलावलं. हाच मागच्या आठवड्यात कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ काढून गेला होता, म्हणून माझा संशय त्याच्यावरच. खुर्ची टाकून त्याच्या हाताशी बसलो.

"बाबाजी, जरा उजेड येऊ द्या ना."

"उजेड दारातून येते. मी दारात बसलो का?"

त्यानं डबा उघडला नि हसला. मदरबोर्डावर मोठा प्लग लागलेला होता. पिवळ्या-काळ्या चार तारांचा लहान प्लग मात्र लोंबत होता.

"हा प्रोसेसरले वीज देते. हा नसला त पंखा फिरते, पडद्यावर काही येत नाही."

"एका यंत्राले दोन कनेक्शन कायले? आमच्या गावात दुसरं कनेक्शन म्हणजे तारेवर टाकलेला चोरीचा आकडा!"

"एकाले भार झेपत नाही, बाबाजी. निघाला असंल आपोआप."

त्यानं लावला, पडदा उजळला. मी यंत्र बंद करायला लावलं आणि प्लग स्वतः ओढून पाहिला. निघेना. त्याला बारीक खटका होता. तो दाबल्याशिवाय सुटत नव्हता.

"आपोआप कसा निघते रे? तूच काढून गेला."

"मंग कालपर्यंत चालला कसा?"

मी वळून पाहिलं. मागं सून चहा घेऊन उभी होती. धूळ काढली त्या दिवशीही ती अशीच मिस्त्रीच्या मागं उभी राहून पाहत होती.

"बाई, हा डबा कोणं उघडला होता?" मी विचारलं.

"चहा थंडा होऊन राहिला, मामाजी."

मी चहा प्यालो. मिस्त्रीला पैसे देऊन वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठ्याची गाडी यायच्या आधी, मी डबा उघडला, खटका दाबून चार तारांचा प्लग काढला आणि झाकण बसवलं. तो आल्यावर बटण दाबून त्याला काळा पडदा दाखवला नि म्हणालो, "ने. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"