भांडाराचे देवरावभाऊ स्वस्त दुकानात

मैत्रिणींनो, आज दुपारचा प्रकार मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवते, कारण मला काही सुचत नाही.

गांधीबागेतल्या नव्या स्वस्त दुकानात मी पहिल्यांदाच गेले. रांगेत माझ्या पुढे देवरावभाऊ उभे होते, आपण साऱ्या जिथून किराणा घेतो त्या सहकारी भांडारात डाळ तोलून देणारे. दोघंही चपापलो.

"तुम्ही इथं काहून?" मी विचारलं.

"इथं डाळ स्वस्त आहे, वहिनी. घरी खाणारे लय आहेत."

"मग आम्ही पण इकडेच यायचं का?"

ते म्हणाले, "तुम्ही साऱ्या इकडे आल्या तर भांडार बंद पडंल. मग मले कोण कामावर ठेवणार?"

मी डाळ न घेताच रांगेतून निघाले. त्यांनी मात्र घेतली.

आता घरात डाळ नाही. उद्या पिशवी घेऊन कुठं जाऊ, तुम्हीच सांगा.