पांगाऱ्याचे मासे

मी नवेगाव बांधला लाइनमन होतो तेव्हाची गोष्ट. दिवसभर खांबावर चढायचं, तारा जोडायच्या, आणि वेळ मिळाला की तलावाच्या पाळीवर गळ टाकून बसायचं. गळाला गांडूळ, तोंडात सुपारी. मासा लागला तर लागला, नाही तर नाही. मग घरात डिश आलं. एका वाहिनीवर कोणी परदेशी माणूस लाकडाचा रंगीत मासा पाण्यात भिरकावत होता आणि खरे मासे त्यावर तुटून पडत होते. मी बायकोला म्हटलं, "हे तर आपणही करू शकतो."

बायको जवळच्याच केशोरी गावची. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "करा. पण पयले न्हाणीची कडी बसवून द्या."

कडी राहिली. मी मागच्या कुंपणातली पांगाऱ्याची फांदी तोडली. पांगारा हलका, चाकूने लोण्यासारखा कापला जातो. दोन दिवस कोरत बसलो. तिसऱ्या दिवशी बायकोने वाकून पाहिलं.

"वांगा काऊन कोरून राहिले जी?"

मी खिडकीचा उरलेला हिरवा रंग लावला, पोटाला पिवळा दिला आणि तिच्याच पाकिटातल्या दोन टिकल्या डोळे म्हणून चिकटवल्या. आता मासा वांग्यासारखा दिसत नव्हता. डोळे असलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

टीव्हीवरच्या माशाला तीन टोकांचे गळ होते. त्यासाठी मी खास गोंदियाला गेलो. दुकानदार म्हणाला, "भैया, ऐसा माल इधर कौन लेगा?" म्हणून साधेच गळ आणले. तीन-तीन पाठीला पाठ लावून तांब्याच्या तारेने बांधले आणि वर कथलाचा डाग दिला. एक झुपका पोटाखाली, एक शेपटीला. अडकवायला पडद्याच्या दोरीचे स्क्रूवाले आकडे पिळून बसवले.

पाळीवर एक म्हातारा मासेमार रोज असायचा. जन्म तलावात गेलेला माणूस. डोंगा काठाला लावून तो जाळं वाळवत बसला होता. मी मासा पाण्यात टाकला. शेपटीचा गळ जड झाला होता, त्यामुळे मासा पोहायच्या ऐवजी तोंड वर करून पाण्यात उभा राहिला.

म्हातारा बराच वेळ पाहत होता. "कोनाची वाट पाहून रायला जी तो?"

दोरी ओढली तर पोटाचा गळ शेपटीच्या गळात गुंतलेला. सोडवून पुन्हा जोरात भिरकावला. या वेळी तो पाण्यात गेलाच नाही, मागे म्हाताऱ्याच्या जाळ्यात जाऊन बसला. सहा टोकं आणि बारीक जाळं! आम्ही दोघं समोरासमोर बसून तासभर एकेक टोक काढत होतो. म्हाताऱ्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटचं टोक निघालं तेव्हा माझ्या हाताला हिरवा रंग लागलेला दिसला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा माशाचा रंग निघून आला होता.

दुसरा मासा मी विचार करून केला. दोन गळांमध्ये बोटभर जास्त अंतर ठेवलं. पोटात खाच करून शिसं भरलं, म्हणजे तो आडवा राहील. रंगावर वॉर्निश दिलं आणि अंगणात दोरीला टांगला. दिवस श्रावणाचे. चार दिवस झाले तरी वॉर्निश चिकटच. पाचव्या दिवशी मासा दोरीवरून खाली पडला आणि कोंबड्या बसतात त्या जागी लोळला. उचलला तर अंगाला पिसं, भुसा आणि एक मुंगळा. मुंगळा जिवंत होता.

बायको म्हणाली, "आता याले अंडे द्याले लावा."

मी रागारागात तो तसाच घेऊन पाळीवर गेलो. नीट भिरकावला, ओढला. मासा आडवा, सरळ, पिसं हलवत आला. आणि पाणी फुटलं. मोठी मरळ होती. तिची काळी पाठ मी स्वतः पाहिली. दोरी हाताला काचली, मी ओरडलो, म्हातारा उठून उभा राहिला आणि पुढच्या क्षणी दोरी ढिली झाली. ओढून पाहिलं तर लाकूड शाबूत, पोटाचा गळ गायब. फुगलेल्या लाकडातून स्क्रू उपटून मरळ पोटाचा झुपका घेऊन गेली होती.

"वा जी," म्हातारा म्हणाला, "मासोळीले नथ घालून सासरी धाडलं तुमी."

मग त्याने ते लाकूड हातात घेतलं, नखाने टोचलं, हुंगलं. "वल्लं हाय हे. वल्ल्या भितीले चुना धरते का? रंग कसा धरंन? अन् स्क्रू कायले? तुमी तारंचे मानूस, तार काहून नाई घातली?"

मी खांबांवर मैलोन्‌मैल तारा ओढल्या होत्या. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत एक तार ओढायची, आणि गळ तिलाच बांधायचे, म्हणजे लाकूड फुटलं तरी गळ दोरीलाच राहतील, हे मला सुचलं नव्हतं. म्हाताऱ्याने आणखी एक सांगितलं: लाकूड आधी महिनाभर सावलीत वाळू द्या, मग जवसाचं तेल पाजा, ते सुकलं की रंग. डोंग्यालाही तो तेच तेल लावायचा.

या वेळी मी घाई केली नाही. दिवाळीनंतर पाच मासे तयार झाले. ऊन कोरडं होतं, रंग दगडासारखा बसला. तिसऱ्याच दिवशी पाऊण किलोची मरळ आली. गळ जिथल्या तिथे, रंगाला एक ओरखडा. बायकोने लसूण-खोबरं वाटून रस्सा केला, म्हाताऱ्याला जेवायला बोलावलं. तो दोनदा भात घेऊन जेवला आणि जाताना म्हणाला, "एक मलेबी द्या जी तुमची लाकडाची मासोळी."

मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन दिले, सगळ्यात सुबक. आयुष्यभर जाळं टाकलेला माणूस माझ्या माशाने मासे धरणार! सकाळी लवकर पाळीवर गेलो. म्हातारा डोंग्यातून जाळं सोडत होता, आणि जाळ्याच्या वरच्या दोरीला, जिथे तरंगायला लाकडाचे तुकडे बांधतात तिथे, माझे दोन मासे बांधलेले होते. गळ काढून टाकलेले.

त्याने मला पाहून हात केला. "मस्त तरंगते जी! रंगबी दुरून दिसते. अजून आठ-दहा करून द्या."