भाऊजीचे सदतीस गाणे

चहा घ्या अगोदर, मंग आयका. उपाशीपोटी आयकण्यासारखी गोष्ट नाही ही.

तसा मी चुका करण्यात कमी नाही. स्वतःच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्याच बापाचं नाव चुकवून आणलं होतं म्या! पण ती चूक अन् ही चूक, लय फरक हाय. ही आयकताना लोक हासतात, मले बी हसू येते, पण पुरतं हासून होत नाही.

माहं रिसोडले कंप्युटरचं दुकान हाय. दुकान म्हणजे काय, एक टेबल, दोन कंप्युटर अन् एक प्रिंटर. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे फॉर्म भरणं, परीक्षेचे अर्ज. बस. पण खानदानात आपली इज्जत पाहा! कोणाचा मोबाईल पाण्यात पडला, मिलिंदले फोन. टीव्ही दिसून नाही राह्यला, मिलिंदले फोन. एका काकूनं तर मिक्सर आणून ठेवला होता टेबलावर. अन् म्या तो खोलला बी! आता अशा माणसाले कोण आवरणार?

माही मोठी बहीण सुमनताई केनवडले दिलेली. तिचे मालक, म्हणजे माहे भाऊजी, शाळेत शिपाई होते. पण खरा जीव त्याईचा गाण्यात. स्वतः लिहाचं, स्वतः चाल लावाची, स्वतः गायचं. भीमगीतं, बुद्धाची गाणी, अन् मधातच एखादं बायको माहेरून वापस येत नाही असं बी. कोणाचं नामकरण असो का जयंती असो, भाऊजीच्या गायन पार्टीबिगर आसपासच्या गावात कार्यक्रम होत नव्हता.

त्याईनं एक जुना कंप्युटर घेतला होता अन् घरातच रेकॉर्डिंग चालू केलं होतं. खिडकीले गोधडी टांगायची, कोंबड्या डालून ठेवायच्या, ताईले दम द्याचा का भांडं वाजलं नाही पाहिजे, अन् मंग गायचं. असे सदतीस गाणे जमवले. कोणाले दिले नाहीत. म्हणे, "पन्नास होऊ दे. मंग बाहेर काढू."

पन्नास झाले नाहीत. हिवाळ्यातल्या एका सकाळी भाऊजीनं शाळेची घंटा वाजवली, पायरीवर बसले, अन् उठलेच नाहीत. एवढंच. कोणाले पाणी पाजाचा बी टाइम भेटला नाही.

त्याच्यानंतर ताईचं एकच काम. सांज झाली का पोरीले म्हणे, "प्रज्ञा, लाव." प्रज्ञा, म्हणजे माही भाची, कंप्युटर चालू करे अन् एक गाणं लावे. रोज एकच. दोन नाही. ताई म्हणे, "पुरवून आयकू."

असे दहा महिने गेले, अन् एक दिवस ताईचा फोन.

"मिलिंदा, तुह्या भाऊजीचा कंप्युटर घड्याळासारखा वाजून राह्यला. टक्, टक्, टक्. अन् पडद्यावर काहीच नाही."

मी तसाच जीप धरून केनवडले गेलो. डब्बा खोलून हार्ड डिस्क काढली. ताईनं ती भाऊजीच्या पंच्यात गुंडाळली अन् माह्या हातात अशी देली, जसं पाच दिवसाचं लेकरू.

"मांडीवर धर," म्हणे. "जीप लय आदळते."

प्रज्ञा शिकलेली पोरगी. ती म्हणाली, "मामा, याले चालू नका करू. अकोल्याले एक जण हाय, तो हेच काम करते. त्याच्याकडं देऊ."

"अकोल्याले कायले?" म्या म्हणलं. "मामा मेला का तुहा?"

पाहा! दहा महिन्याआधी ज्या घरातून मयत निघाली, त्या घरात उभं राहून मी काय बोललो, पाहा! पण ताई म्हणाली, "मिलिंदावर माहा भरोसा हाय." झालं. त्या भरवशानंच घात केला.

घरी आलो. इंटरनेटवर पाहिलं. एका बुवानं लिहिलं होतं, का अशी डिस्क थंड केली तर थोडा वेळ चालते. म्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधली अन् देली फ्रिजरमध्ये ठेवून. दुपारी बायकोनं बर्फाचा ट्रे काढाले दार उघडलं.

"हे काय?"

"भाऊजी हायेत."

बायकोनं दार लावून घेतलं. "माणूस गेला तवा बर्फावर ठेवाची पाळी आली नाही," ती म्हणाली, "अन् आता दहा महिन्यानं तुमी ठेवून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क काढली, पुसली, दुकानात नेऊन जोडली. अन् काय सांगू, टक् टक् नाही, काही नाही. डिस्क उठली! पडद्यावर 'गाणे' नावाचं फोल्डर. खोललं तर सदतीसच्या सदतीस, वळीनं उभे! म्या खुर्चीतून उडीच मारली अन् पहिलं काम काय केलं? गाणे काढून घेतले? छ्या! ताईले फोन लावला.

"ताई, दिसून राह्यले!"

आता 'दिसून राह्यले' म्हणजे काय? दिसून राह्यले. बस. हाती आले नाहीत अजून. पण तिकडं ताईनं आयकलं, 'निघाले'. ती फोनवर रडाले लागली. दहा महिन्यात पहिल्यांदा. "मिलिंदा, तुहे पाय धुवून पाणी पिईन," म्हणे. अन् मी गाढव, एका खांद्यावर फोन दाबून तिचं रडणं आयकून राह्यलो, अन् हातानं माऊस चालवून राह्यलो.

साधं सोपं काम होतं. गाणे उचलाचे, दुसरीकडं टाकाचे. दहा मिनिटाचं काम! पण मी पडलो एक्सपर्ट. म्या म्हणलं, गाणेच काहून, अख्खी डिस्कच जशीच्या तशी उतरवू. नवी कोरी डिस्क जोडली. एक सॉफ्टवेअर चालू केलं. त्यानं विचारलं, कोणत्या डिस्कवरून उचलू अन् कोणत्या डिस्कवर उतरवू? समोर दोन डिस्क. नाव नाही, गाव नाही, नुसते नंबर. एक झीरो अन् एक एक.

मंग त्यानं अजून एकदा विचारलं. लाल अक्षरात. दुसऱ्या डिस्कवरचं समदं पुसल्या जाईन, चालते का?

म्या म्हणलं, चालते.

हिरवी पट्टी काय सुंदर सरकाले लागली! मी जेवाले गेलो. वांग्याची भाजी होती. दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. वापस येऊन पाहतो तर काम निम्म्याच्या वर गेलेलं, अन् भाऊजीची डिस्क पुन्हा टक् टक् करून राह्यली. म्या नवी डिस्क खोलली. कोरी. भाऊजीची खोलली. कोरी.

समजलं न तुमाले? कोऱ्या डिस्कचा कोरेपणा म्या जसाच्या तसा, बिनचूक, भाऊजीच्या गाण्यावर उतरवला होता.

मी शटर अर्धं पाडून टेबलाखाली बसून राह्यलो. टेबलाखाली काहून बसलो, ते आजपर्यंत मले बी समजलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन. "कसं हाय?"

"ठीक हाय," म्या म्हणलं. "काम चालू हाय."

तिथंच फसलो. एकदा 'ठीक हाय' म्हणलं का मंग रोज तेच म्हणा लागते. दीड महिना ताई रोज इचारे, मी रोज सांगे, जसा डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकाले सांगते, अन् आत पेशंट केव्हाच गेलेला असते.

इकडं केनवडले वेगळंच चालू होतं. भाऊजीचा पहिला स्मृतिदिन दोन हप्त्यावर आलेला. ताईनं गावभर सांगतलं, का त्याईचे गाणे त्याईच्याच आवाजात लागणार हायेत. मंगरूळपीरचे पाहुणे बी येतो म्हणले. प्रज्ञानं मले बॅनरचा फोटो पाठवला. मधात भाऊजी. खाली लिहिलेलं, 'त्यांचीच गीते, त्यांच्याच आवाजात'. अन् कोपऱ्यात, गोल चौकटीत, गॉगल लावून कोण? मी! 'ध्वनी व तंत्र : मिलिंदमामा, रिसोड'.

मी त्याच दिवशी चोरासारखा अकोल्याले गेलो. प्रज्ञानं सांगतलेल्या त्या माणसानं डिस्क तपासली. मंग चष्मा काढला.

"हे केलं कोणी?"

"आमच्याकडं एक जण हाय," म्या म्हणलं. "स्वतःले लय हुशार समजते."

"पहिले माह्याकडं आली असती तर समदे गाणे निघाले असते," तो म्हणाला. "आता ब्रह्मदेव आला तरी निघत नाहीत. त्या माणसाले माहा एक निरोप द्या. मशीनजवळ गेलं का दोनी हात खिशात घालाचे, अन् घरी निघून जाचं."

म्या दोनी हात खिशात घातले अन् निघालो.

आता सांगणं भाग होतं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी केनवडले गेलो. ताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. प्रज्ञा बाजूले. म्या उभ्याउभ्याच म्हणलं, "ताई, गाणे गेले."

"कुठी गेले?"

"गेले म्हणजे... गेले."

"अरे पण कोणाच्या मोबाईलमध्ये गेले? वापस मांगून घे ना!"

"कोणाकडंच नाही गेले, ताई. पुसल्या गेले."

"कोणं पुसले?"

डिस्कच जुनी होती, असं जिभेवर आलं होतं. पण प्रज्ञा माह्याकडं पाहून राह्यली होती. "म्या," म्हणलं. "म्या पुसले."

अन् ताई काय म्हणाली असन? "काही बी नको बोलू! तू कायले पुसशील? डिस्कच खराब होती. तू जीव लावून काम केलं, नशिबात नव्हतं तर तू काय करशील?"

आता आली का पंचाईत! आयुष्यभर मी हुशार हाय हे लोकाईले पटवलं, लगेच पटलं. आज पहिल्यांदा गाढव हाय हे पटवाचं होतं, अन् समोरची बाई मानून नाही राह्यली!

"नाही ताई, डिस्क चालू झाली होती. म्या उलटं केलं."

"उलटं म्हणजे?"

"कोरं होतं ते गाण्यावर टाकलं. गाणे कोऱ्यावर टाकाच्या ऐवजी."

"असं कसं होईन?"

"असंच झालं. मशीननं इचारलं होतं. म्या हो म्हणलं."

ताईचा हात थांबला. "सदतीसचे सदतीस?"

"हो."

तिनं मान खाली घातली अन् पुन्हा शेंगा सोलाले लागली. पण आता दाणे बी टोपल्यात अन् टरफलं बी टोपल्यातच. प्रज्ञानं हळूच टोपलं ओढून घेतलं. ताईनं एक शिवी देली असती, एक थापड मारली असती, तर मी सुटलो असतो. ती उठली अन् म्हणाली, "जेवून जा."

जेवलो. भाजी कशाची होती, आठवत नाही.

कार्यक्रम झाला. बॅनर तसंच लागलं, फक्त 'त्यांच्याच आवाजात' वर प्रज्ञानं कागद चिकटवला. अन् माह्या फोटोवर बी. भाऊजीच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या किसनभाऊनं त्याईचे गाणे म्हणले. बारा-तेरा आठवले. कुठं कडवं अडकलं का बायाईतून ताईचा आवाज येई, पुढची ओळ सांगे. गाणे थोडेफार वापस आले म्हणा. पण आवाज? तो कुठून आणाचा?

मंग समद्याईनं आपापले मोबाईल तपासले. भाऊजीचा फोटो सगळ्याईकडं, आवाज कोणाकडंच नाही. एक व्हिडिओ भेटला, त्याच्यात नुसता जनरेटरचा आवाज. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "मामा, तुमचा मोबाईल पाहू."

अन् भेटला! माह्याच मोबाईलमध्ये! मंगरूळपीरच्या नामकरणातला, साडेतीन मिनिटाचा व्हिडिओ. भाऊजी उभे, एक हात कानावर, अन् गाऊन राह्यले. ताईनं तोंडाले पदर लावला. आवाज चढत चढत गेला, एकदम वर, जिथं भाऊजी डोळे मिटत, अन् तिथंच मोबाईलच्या अगदी जवळून एक रेडा ओरडला, "अबे, पंगत बसली का? जागा धर! माह्यासाठी जागा धर!"

तो रेडा मी.

एकदा नाही. साडेतीन मिनिटात चार वेळा. एकदा जागा धर, एकदा जिलेबी हाय का पाहा, अन् दोन वेळा नुसतंच हासणं. सदतीस गाणे गेले, अन् अख्ख्या दुनियेत भाऊजीचा आवाज उरला तो एवढाच, माह्या जिलेबीच्या मागं दबलेला.

प्रज्ञा म्हणाली, "आई, मामाचा आवाज यातून वेगळा काढता येते म्हणतात."

म्या हात पुढं केला. "आण इकडं, पाहतो मी."

मायलेकीनं एकाच वेळी मोबाईल मागं ओढला.

आता तो व्हिडिओ तसाच, त्याच्या पाच कॉप्या, पाच घरात. माह्या घरी एक बी नाही, माह्या मोबाईलमधला बी प्रज्ञानं काढून घेतला. ताई रोज सांजेले लावते. मागच्या महिन्यात मी गेलो होतो, ती आत भाकरी थापून राह्यली होती, व्हिडिओ चालू होता. मी बाहेरच थांबलो. भाऊजीचा आवाज वर गेला, अन् मी व्हिडिओत ओरडलो, "जागा धर!"

अन् आतून ताई म्हणाली, "धरली ना रे मेल्या! आता तरी चूप बस, त्याईले गाऊ दे!"