चार्जरसाठी दिलेली जागा

आमच्या गावाला विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशन मंजूर झालं, तेव्हा मी ग्रामपंचायतीची सदस्य होते आणि माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर होती. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात दोन्हींचा वाटा आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. अस्तर, हूक, दोरा आणायला कडेगावला आणि मोठी खरेदी असली तर विट्याला जावं लागतं. एकदा परत येताना स्कूटरची बॅटरी संपली आणि भर उन्हात ती मी गावापर्यंत ढकलत आणली. त्यामुळं चार्जर यावा असं मला मनापासून वाटत होतं.

गावाला तसं वाटत नव्हतं. ग्रामसभेत सांगलीहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं की मशिन, वायर, सगळा खर्च सरकारचा. गावानं फक्त रस्त्याकडेची दोन गुंठे जागा मोफत द्यायची. यावर एक म्हातारबाबा उठले.

"साहेब, आमच्या हिरीवरच्या मोटारीला आठ तास लाइट. त्यातबी दोनदा जाती. आन गाड्यांस्नी चोवीस तास देणार म्हणताय. मग ती लाइट कुणाची काढणार?"

"चार्जरसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, स्वतंत्र डीपी बसणार आहे. शेतीच्या लाइनीला हातही लागणार नाही."

"असंच म्हणत्यात," बाबा म्हणाले आणि खाली बसले. सभेतल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली.

गावाची स्वतःची जागा पार आत, गायरानात. रस्त्याकडेला सगळी खासगी शेतं. त्यातली दोन गुंठे फुकट कोण देणार? तेव्हा सुभेदार उभे राहिले. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, ताठ चालणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. "माझ्या रानातली घ्या," एवढंच बोलून ते परत बसले.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, शेजारी हॉटेल टाकायचंय. कुणी म्हणे, सरपंचपदावर डोळा आहे. मलाही शंका आलीच. मी सांगलीला जाऊन फाइल मागून घेतली, सातबारा पाहिला, बक्षीसपत्र दोनदा वाचलं. हॉटेलचा कुठं अर्ज नव्हता, ठेकेदार सुभेदारांच्या नात्यातला नव्हता. तरी समाधान होईना, म्हणून सरळ त्यांच्या घरी गेले.

"सुभेदार, राग मानू नका. यात तुमाला काय मिळणार?"

ते जराही रागावले नाहीत. "मॅडम, सगळी उमर फौजेत गेली. गावासाठी कायतरी करावं वाटलं. यात शक घेण्यासारखं काय हाय?"

मी ओशाळले. ठरावावर सही केली. खरं सांगायचं तर मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

दिवाळीच्या सुमारास मशिन आलं, वेगळा डीपीही आला. जागेभोवती लोखंडी खांब रोवून तारेची जाळी मारली. पहिल्या आठवड्यात माझ्या स्कूटरशिवाय तिथं एक दुधाची रिक्षा तेवढी लागली, पण मी खूश होते.

मग एका दुपारी सुभेदारांच्या धाकट्या भावाची बायको आली. मला वाटलं शिवायला काही घेऊन आली असेल. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आवं ताई, सही करायच्या आदी जागंच्या मागं काय हाय ते बघितलं व्हतं का?"

मी बघितलं नव्हतं. तिच्याबरोबर गेले. जाळीच्या मागं तिचं रान, तोडीला आलेला ऊस उभा. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला सुभेदारांची विहीर आणि पाइपलाइन. मधून ट्रॉलीच्या चाकांच्या दोन जुन्या चाकोऱ्या आल्या होत्या आणि थेट सरकारी जाळीखाली गेल्या होत्या. तिचा ऊस बाहेर काढायला दुसरी वाट नव्हती.

"वाटणी झाल्यापासनं भावजी म्हणत हुते, माझ्यातनं जाऊ नगा," ती म्हणाली. "भांडून का हुईना, आमी जात हुतो. आता त्यांनी कुटं अडवलंय? सरकारनं अडवलंय. सरकारशी आमी कसं भांडायचं?"

मला तिच्याकडं बघवेना. मी हॉटेल शोधलं, ठेकेदाराची नाती शोधली, आणि चार पावलं चालून मागं गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. साहेबांनी नकाशा पुढं केला. "यात रस्ता दाखवलेलाच नाही, ताई." नव्हताच. ती वहिवाट होती, पायाखालची, कागदावर कधी चढलेली नाही. मी हट्टानं साहेबांना जागेवर यायला लावलं, तहसील कार्यालयात अर्ज दिला आणि चुकीची सही माझी आहे असं त्यात लिहिलं.

पाहणीला सगळे जमले. धाकट्या भावानं वाट बारा फुटांची होती असं सांगितलं. मी चाकोऱ्या बघितल्या होत्या, वाट आठ फुटांच्या वर नव्हती. त्याच्याकडं बघत मी तेच सांगितलं. शेवटी जाळी आठ फूट आत सरकवायची आणि वाटेची नोंद करायची असं ठरलं. चार्जर जागचा हलला नाही. त्या हंगामात ट्रॉल्या तिथूनच गेल्या.

पाहणी संपल्यावर सुभेदार माझ्याजवळ आले. "वाटंचं माझ्या ध्यानात नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमी पैल्यापासनं शक घेतला, म्हणून तुमाला तसं दिसलं."

ज्या वाटेवरून ते भावाशी वर्षानुवर्षं भांडले, ती ध्यानात नव्हती, यावर माझा विश्वास बसला नाही. पण बोलताना त्यांचा चेहरा पडला होता आणि तो खोटा वाटला नाही, हेही खरं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मध्यंतरी त्यांनीही विजेवरची स्कूटर घेतली. मी चार्जरजवळ असले की ते रस्त्याच्या पलीकडं गाडी लावतात, मी जाईपर्यंत उसाकडं बघत थांबतात, आणि मग अलीकडं येतात.