लायसन्स काढून घेतलेलं सात नंबरचं यंत्र

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रत्नागिरीत माझं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, लॉगमध्ये दिसतं तेवढंच मी खरं मानतो. आणि हे लिहिताना भीतीपेक्षा किळसच जास्त येतेय... स्वतःचीसुद्धा.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीसाठी आम्ही ॲप केलं होतं. कामगारानं फेरी मारायची आणि कुठे गळती दिसली तर हातातल्या यंत्रावर लाल नोंद करायची. ॲप फक्त लायसन्स दिलेल्या यंत्रांवर चालायचं. लायसन्स काढून घेतलं की उघडायचंच नाही.

सात नंबरचं यंत्र तांबेकाकांकडे होतं. ते एकाच पंपापाशी रोज लाल नोंद करायचे – ‘वास येतोय’.

एक दिवस मॅनेजरचा फोन आला. “सात नंबर बंद करा. ऑडिट आलंय आणि हा म्हातारा रोज लाल करतोय.”

“पण खरंच वास येत असेल तर?”

“ते आम्ही बघू. तुम्ही लायसन्सचं बघा.”

मी बंद केलं. दोन क्लिक!

चौथ्या दिवशी त्याच पंपापाशी गॅस लागून काका गेले. कंपनीनं अहवालात लिहिलं – कामगारानं गळतीची नोंद केली नव्हती.

यंत्र माझ्याकडे परत आलं. बॅटरी काढून मी ते कपाटात ठेवलं. पुढच्या सोमवारी सकाळी अकराला सर्व्हरवर लाल नोंद. यंत्र सात, तोच पंप, ‘वास येतोय’. कपाट उघडलं... यंत्र तिथेच, बॅटरी बाजूला. लॉगमध्ये एकाखाली एक दोन ओळी – ‘लायसन्स अमान्य’, ‘नोंद स्वीकारली’. पासवर्ड बदलले, सगळं तपासलं. तरी रोज अकराला नोंद.

मॅनेजरला सांगितलं. “डिलीट करा ओ, कशाला घोळ?” म्हणाला. आवाजात नुसता वैताग. मी फोन ठेवून दिला.

जुन्या-नव्या सगळ्या नोंदी छापून मी सरकारी निरीक्षकांकडे दिल्या. पंप बंद झाला. त्या दिवसापासून नोंदीही थांबल्या.

मग काकांच्या घरी गेलो. काकूंना सांगितलं, यंत्र मीच बंद केलं होतं.

“बंद कुठे होतं?” त्या म्हणाल्या. “रोज नोंद केली म्हणून सांगायचे. शेवटच्या दिवशी सकाळीपण बोलले, नोंद करून येतो.”

लायसन्स काढून घेतल्यावर त्या यंत्रावर ॲपचं पहिलं पानसुद्धा उघडत नाही. मग ते चार दिवस काका कशावर नोंद करत होते... मला अजून कळलेलं नाही.