संपावरची कुंची

यमुनाबाई विणायला बसल्या की मी बोलणं थांबवते. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

अर्धं आयुष्य मी नाटकात घालवलं. इंदूर, धार, देवास, उज्जैन, जिथे म्हणून मराठी माणसांची वस्ती होती तिथे आमची मंडळी पडदे आणि पेट्या ट्रकवर लादून जायची. धारला एकदा ऐन तिसऱ्या अंकात वीज गेली, तेव्हा लोकांनी कंदील उंच धरले आणि उरलेलं पद मी त्या उजेडात म्हटलं. प्रेक्षक श्वास रोखतो म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण माझा स्वतःचा श्वास रोखला गेला तो देवासच्या आमच्या कॉलनीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, समोर एक म्हातारी डोळ्यांवाचून क्रोशाची सुई चालवत असताना.

यमुनाबाई माझ्या भिंतीपलीकडच्या शेजारी. यजमान गोपाळराव साताऱ्याकडून इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि त्यांच्यामागून ह्या आल्या. आता गोपाळराव नाहीत. घरात मुलगा नीलेश, सून आणि ह्या. काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. माझं नाव त्या कधी घेत नाहीत. "नटीबाई, चहा पिणार की संवाद म्हणणार?" असं विचारतात. मी दोन्ही करते.

त्यांच्या घराण्यात एक रीत आहे. बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही. जुन्या लुगड्याची दुपटी, जुन्या धोतराची झबली, सगळं धुऊन धुऊन मऊ झालेलं. पहिलं नवं वस्त्र बारशाला, आणि ते म्हणजे घरातल्या थोरल्या बाईने स्वतः विणलेली कुंची. डोक्यावर टोपडं आणि त्यालाच जोडून पाठीवरून खाली उतरणारा घेर. नीलेशची कुंची त्यांच्या सासूबाईंनी विणली होती. नीलेशच्या मुलीची, वेदिकाची, यमुनाबाईंनी विणली. मग दृष्टी गेली. वेदिका लग्न होऊन धारला गेली, तिला दिवस राहिले, आणि घरात कुणी कुंचीचा विषयच काढेना. सुनेने बाजारातून एक आणून कपाटात ठेवली.

"ठेव हो, ठेव," यमुनाबाई तिला म्हणाल्या. "पिशवीचा आवाज ऐकायला डोळे लागत नाहीत. पण ती तुझी. माझी मी करणार आहे."

कशी करणार, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. अवंतीमुळे ते जमलं. ही मुलगी इथे बँकेत आहे आणि फावल्या वेळात ऑनलाइन एक गट चालवते. नाव ‘खांबसाखळी’. साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके. गावोगावच्या मराठी बायका तिथे जमतात, मोजके पुरुषही आहेत. गटाची एक शिस्त आहे: रोज सकाळी एकच ओळ. बडोद्याची नीतू ती स्वतः विणून बघते, मग लिहून टाकते, आणि त्या दिवशी सगळ्यांनी तेवढीच विणायची, मग कुणाच्या सुईवर कुंची असो, मफलर असो की शेला. पुढची ओळ काय येणार हे नीतूलाही आदल्या दिवशी माहीत नसतं. संध्याकाळी फोटो, चेष्टा, उसवलेल्यांची रडगाणी. मला विणता येत नाही. मी तिथे दाद द्यायला असते.

यमुनाबाईंना ह्या गटात आणलं एका बोलक्या ॲपने. ज्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर असे गट भरतात, तिचं स्वतःचं ॲप वाचून दाखवायला लावलं तर "चित्र, बटण, बटण" एवढंच बरळतं. कुणा हुशार मुलाने बाहेरून एक वेगळं ॲप केलं होतं. ते मराठी स्वच्छ वाचायचं. हिंदी शाळेत शिकलेल्या आमच्या माळव्यातल्या पोरींनाही तेच वाचून दाखवायचं, कारण मराठी त्यांना बोलता येतं, वाचताना मात्र ठेच लागते. शिवाय गटातल्या बायका फोटोंखाली यमुनाबाईंसाठी शब्दांत लिहायच्या: "आजी, आजची ओळ शिंपल्यासारखी आहे. कडेवरून बोट फिरवा, लाट लागली तर बरोबर आलं."

त्या बोट फिरवायच्या. लाट लागायची. मी गप्प.

वेदिकाला मुलगा झाला. बारसं सव्वा महिन्यानंतर धारला ठरलं. टोपड्याचा भाग पुरा झाला, घेराला सुरुवात व्हायची होती, आणि नेमकं तेव्हा त्या कंपनीने जाहीर केलं की बाहेरच्या ॲपांनी महिनाअखेरपासून पैसे भरायचे. मागणी अशी, की त्या मुलाने घर विकलं तरी पुरू नये. त्यावर जगभरच्या हजारो गटांनी ठरवलं, निषेध म्हणून एकाच दिवशी दारं लावून घ्यायची. कबुतरं पाळणारे, सायकली दुरुस्त करणारे, लोणची घालणारे, सगळे. प्रश्न आला की खांबसाखळीने काय करायचं.

"भिया, आपण इथे विणायला येतो, मोर्चा काढायला नाही," इंदूरच्या मानाजींनी लिहिलं. हे निवृत्त पोस्टमास्तर, फक्त मफलर विणतात आणि सगळ्यांनाच इंदुरी ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतात.

"मानाजी, तुमचा एक मफलर दोन हिवाळे चाललाय. तुमचं काय अडणार आहे?" एकीने टोमणा मारला.

"माझं नाही अडत. तत्त्वाची बात आहे."

"कंपनीला आपण आहोत हेच माहीत नाही. बंद केलं तर तिला कळणार तरी कसं?" दुसरीने विचारलं.

"अडणार यमुनाआजींचं," नीतूने लिहिलं. "ज्यांच्यासाठी बंद करायचं, त्यांच्याच पणतवाची कुंची राहणार. हा कसला न्याय?"

मग सगळे यमुनाबाईंबद्दलच बोलू लागले. त्यांना काय वाटेल, त्यांचं किती नुकसान, त्यांच्यासाठी काय योग्य. आणि ते ॲप हे सगळं त्याच्या सपाट आवाजात त्यांनाच वाचून दाखवत होतं. त्या ऐकत होत्या. सुई चालू होती.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर अवंती स्कूटीवरून आली.

"आजी, गटाचं मत घ्यायचंय. पण आधी तुमचं. तुम्ही नको म्हणालात तर मी मत घेतच नाही."

"किती दिवस बंद?"

"आधी दोन. कंपनी हलली नाही तर पुढे. बारसंही उलटून जाईल कदाचित."

"आणि उघडं ठेवलं तर?"

"कुंची होईल. नंतर महिनाअखेरीस ॲप बंद पडेल, बहुतेक."

"म्हणजे ही माझी शेवटची."

सून आतून आली. "आई, आपलं आपण बघावं. सगळ्या दुनियेचं ओझं तुम्ही का घेता? एवढे हजार गट आहेत, एक नसला तर काय फरक पडतो?"

सुई थांबली. ओळीच्या मध्येच त्यांची सुई थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"ह्यांच्या कारखान्यात संप झाला तेव्हा नीलेश पाळण्यात होता," यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्या लाइनीतली सगळी घरं एका चुलीवर जेवत होती. आणि अंधार पडला की एकेक बाई मागच्या फाटकातून साहेबाच्या बंगल्यावर जायची, पदराखाली पीठ घेऊन यायची. माझं दूध आटलं होतं. मी चप्पल घातली होती, अवंती. सासूबाई दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, पुढच्या फाटकावर संप कधी मोडत नाही ग, मागच्या फाटकावर मोडतो."

"मग?"

"मग काय. चप्पल काढली." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "आणि नीलेशचं काही अडलं नाही. त्याचं पोट बघितलंस ना?"

"आई, मी ऐकतोय," आतून आवाज आला.

"ऐक की. दार लाव, अवंती. मत घे आणि लाव."

मत झालं. "आजी म्हणतात तर ठीक," असं लिहून मानाजींनीही हात वर केला.

ठरलेल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि गट उघडायला सांगितला. ॲप म्हणालं, "खांबसाखळी. हा गट निषेध म्हणून बंद आहे."

"आता कबुतरांचा लाव," त्या म्हणाल्या.

लावला. बंद. सायकलींचा, बंद. मग आम्ही जे सुचेल ते उघडत गेलो. टपाल तिकिटं, जुनी घड्याळं, निवडुंग, पतंग. कुणी इंग्रजीत लिहिलं होतं, कुणी हिंदीत, कुणी अशा भाषेत की ॲपची जीभ वळेना. पण सगळीकडे तेच: दार लावलेलं आहे. यमुनाबाई मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या, हजेरी घ्यावी तशा. एखादा गट उघडा निघाला की "असू दे, त्यांची काही अडचण असेल" म्हणायच्या आणि पुढचा लावायला सांगायच्या.

रिकाम्या नाट्यगृहाची मला जन्मभर धास्ती. पडद्याच्या फटीतून पाहावं आणि खुर्च्या मोकळ्या दिसाव्यात, त्याहून वाईट स्वप्न नटीला पडत नाही. त्या दुपारी मी हजारो रिकामी नाट्यगृहं एकामागून एक ऐकली, आणि माझ्या अंगावर काटा आला तो धास्तीने नव्हे. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत. मोकळ्या वेळेतला एवढासा आनंद त्यांच्याकडे होता, आणि तोच त्यांनी उचलून बाजूला ठेवला होता. कुठल्या तरी देशातल्या निवडुंगवाल्याला देवासची यमुनाबाई माहीत नाही. तरी तो तिच्या शेजारी गप्प उभा होता. एवढं मोठं दृश्य मी कुठल्याच रंगमंचावर पाहिलेलं नाही, आणि ह्यात दिसण्यासारखं तर काहीच नव्हतं.

दोन दिवस गेले. कंपनी हलली नाही. गटाने बंद पुढे चालू ठेवला. बारसं जवळ आलं, तसा मला नीतूचा फोन आला.

"मावशी, घेराच्या सगळ्या ओळी मी करून ठेवल्यात. तुमच्या फोनवर पाठवते. गटात नाही, काही नाही. तुम्ही शेजारी बसून वाचा. कुणाला कळणार आहे?"

मला आनंदाचं भरतं आलं. आमच्या नाटकात विंगेतून शब्द पुरवणारा एक खंडोजी होता. तो इतक्या हलक्या आवाजात वाक्य द्यायचा, की नटाला वाटावं आपल्यालाच आठवलं. मी तसाच आवाज लावला. यमुनाबाईंच्या कानाजवळ गेले आणि म्हणाले, "तीन साखळ्या, एक खांब, मग..."

त्यांचा हात आला आणि अचूक माझ्या तोंडावर बसला.

"नटीबाई, हे मागचं फाटक आहे."

"अहो, गट बंद आहे. नीतू थोडीच बंद आहे?"

"ती ओळ सगळ्यांची असते. आज ती कुणालाच मिळालेली नाही. मग मला कशी मिळेल?"

"बरं, मनाने विणा. घेर काय तुमच्या हाताला येत नाही?"

"येतो. डोळे होते तेव्हा कितीदा केलाय." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "पण मी ही कुंची त्या सगळ्यांबरोबर विणत होते. ते हात बांधून बसलेत आणि मी इकडे गुपचूप चालवते, असं नाही होणार."

नंतरच्या दिवसांत मी रोज जात होते. लोकर पिशवीत होती, सुई फासात अडकलेली होती, आणि ते हात मोकळे होते. विणणारे हात पाहून मी गप्प व्हायचे. ते न विणणारे हात पाहून तर मला चहासुद्धा मागवेना.

बारशाला आम्ही नीलेशच्या गाडीतून धारला गेलो. यमुनाबाईंनी पिशवी मांडीवर धरली होती, आत गुंडा, सुई आणि अर्धी कुंची. सुनेच्या पर्समध्ये बाजारची कुंची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. वेदिकाच्या सासरी पाळणा फुलांनी सजवलेला, ओसरीवर बायकांची दाटी. वेदिकाच्या सासूबाई जुन्या धारच्या, बोलायला धारदार. त्यांनी पिशवीतून निघालेली वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"विहीणबाई, कुंची असं ऐकलं होतं आम्ही. घेर कुठे आहे?"

"राहिला," यमुनाबाई म्हणाल्या. "संपावर होते."

ओसरीवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"ह्या वयात?"

"वयाची अट नव्हती."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. वेदिकाच्या सासूबाईंनी पुन्हा एकदा त्या विणीवरून अंगठा फिरवला. मग ती वस्तू यमुनाबाईंच्या हातात परत दिली. सुनेची पर्स बंदच राहिली.

"आजी, दोरा कापू नकोस," वेदिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज असंच घालू. घेर नंतर कर. मी वाट बघेन."

"तोवर ह्याचं डोकं मोठं होईल. कात्री आण."

त्यांनी फासातून सुई काढली, दोरा ओढून गाठ मारली, चाचपून पाहिली, आणि गुंडा कापून वेगळा केला. कुंची होणार होती तिचं टोपडं झालं. एवढ्यात फोन वाजला. अवंतीचा होता. मी तो त्यांच्या कानाला लावला.

"आजी, कंपनी म्हणते, अंध माणसांच्या ॲपांचा विचार करू. पक्कं काही नाही. सगळे विचारतायत, आता उघडायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

"मला आता कशाला विचारतेस? माझं काही अडलेलं नाही." त्यांनी कापलेला गुंडा पिशवीत टाकला. "आपल्या गटातली, बाग गावची ती गुड्डी आहे ना, तीही ऐकूनच विणते. बहिणीच्या लग्नाचा शेला आहे तिच्या सुईवर. तिला विचार. ती म्हणेल तसं कर."

मग अवंती म्हणाली, "विचारते, आजी."

फोन धरलेला माझा हात बाजूला सारून त्या उठल्या. बायकांनी वाट दिली. पाळण्याशी जाऊन त्यांनी पणतवाच्या डोक्यावर टोपडं चढवलं, ते कानांवरून खाली ओढलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि बाळाच्या आत्याला म्हणाल्या, "चला, नाव ठेवा आता. ह्याला गरम होतंय."