देवीची न्याहारी

अडतिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली, तेव्हा हसावं की रडावं तेच मला कळेना. पहिले दोन-तीन महिने तर मी वेगळ्याच आशेवर होते. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी कूस उजवली नव्हती, म्हणून वाटलं, उशिरा का होईना, देवीनं ऐकलं. कुणाला बोलले नाही, यांनाही नाही. पदराआड पोटावर हात ठेवून बसायची आणि स्वतःशीच हसायची. वेडीच की मी! पण दिवस गेले, पोट काही वाढेना. अंगातून मात्र एकाएकी वाफा निघायच्या आणि भर थंडीत घाम फुटायचा. शेवटी सासूबाईंनीच ओळखलं. त्या मंद्रूपकडच्या, आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. "आगं, तुझं गेलं की," म्हणाल्या, "लई लवकर गेलं." एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला रडू आवरलं नाही. आपल्या हातानं एका लेकराला भरवावं, एवढंच मागितलं होतं मी. ते या जन्मी राहूनच गेलं असं वाटलं.

आमच्या घरी देवीची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. देऊळ लहानसंच, सोलापुरात सात रस्ता चौकापासून पायी यावं एवढ्या अंतरावर. मागं अंगण, अंगणापलीकडं आमच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून देवीचं स्वयंपाकघर. घरातला रिवाज असा, की देवीचा नैवेद्य रांधायचा तो बाजूला बसणं कायमचं संपलेल्या बाईनंच. मध्ये चार दिवसांचा खंड नको, म्हणून. आणि देवी दुपारी जेवेपर्यंत रांधणारीनं पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घ्यायचा नाही. माझ्या लग्नापासून हे काम सासूबाईंकडं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायची. भात फार कढत तर नाही ना, म्हणून त्या वाफेवर हात धरायच्या, डाळीतला बारीकसा खडा शोधून शोधून काढायच्या. जणू आत बसलेल्या देवीला नुकते दात येतायत! खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा.

म्हणून पाळी गेल्यावर सासूबाईंनी पळी माझ्या हातात दिली, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा रडले, पण वेगळ्या कारणानं. "आता तूच घाल तिला जेवायला. माझे गुडघे ऱ्हायले न्हाईत," म्हणाल्या. शेजारच्या बायका कुजबुजायच्या, एवढ्या लवकर कसं काय गेलं हिचं म्हणून. सासूबाई त्यांना ठणकावून सांगायच्या, "देवीलाच घाई झाली हुती हिची." मलाही ते पटलं होतं. स्वयंपाक करता करता मी देवीशी बोलायची. आज वांगं जरा झणझणीत झालंय, पण खाशील की गं? गव्हाच्या हुग्गीत गूळ बेताचा घातलाय हं, तोंड वाकडं करू नकोस. यांनी एकदा ऐकलं आणि गालातल्या गालात हसले. हसू देत. तेवढ्या दोन-तीन तासांत मी आई असायची.

वर्ष-दीड वर्ष असं सुखात गेलं, आणि मग तहान सुरू झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, आडाला पाणी आलं होतं, पण सोलापूरचं ऊन ते सोलापूरचं ऊन. तहान कुणाला लागत नाही इथं? मी मनावर घेतलं नाही. मग मात्र चुलीपुढं बसल्यावर जीभ टाळूला चिकटायला लागली. समोर घागर भरलेली, आणि मी तिच्याकडं पाठ करून भाकरी थापायची. चोळ्या ढिल्या झाल्या. तव्याचा चटका बसलेलं बोट महिना उलटला तरी भरेना. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. नैवेद्याची गुळाची भांडी तिथं विसळते, म्हणून मुंग्या येतात, अशी मी समजूत करून घेतली. हे म्हणायचे, दवाखान्यात जाऊ या. मी उडवून लावायची. मनातून वाटायचं, देवी माझी परीक्षा बघतेय. त्याहून मोठी भीती ही, की मी आजारी आहे असं ठरलं तर पळी हातातून जाईल.

त्या शुक्रवारी पुरण होतं. ताट वाढून मी अंगण ओलांडत होते. ऊन असं, की फरशीवर पाय ठरत नव्हता. त्याच वेळी देवळासमोर एक टांगा येऊन थांबला होता, खरं म्हणजे घोडं अडून बसलं होतं. टांगेवाल्याचा वैतागलेला आवाज अंगणापर्यंत येत होता, "बाईसाब, इसकू आज क्या हुवा की, पाँव उठाताच नै!" टांग्यातली बाई सावलीला म्हणून देवळात शिरली आणि मागच्या दारातून अंगणात डोकावली. मला एवढंच आठवतं, की समोरचा कळस हलायला लागला आणि हातातलं ताट जड जड झालं. मी पडले, पण ताट पडलं नाही. त्या बाईनं धावत येऊन ते वरच्यावर झेललं होतं.

"शिवू नगा!" सासूबाई ओरडल्या. पण शिवून झालं होतं. त्या बाईनं ताट ओट्यावर ठेवलं आणि मला भिंतीला टेकवून बसवत म्हणाली, "आजी, रागवा नंतर. आधी पाणी आणा." मी मान हलवली. म्हटलं, देवी जेवायची आहे अजून. "देवी थांबेल हो थोडं," ती म्हणाली, "तुम्ही थांबाल असं दिसत नाही." माझ्या तोंडाला तांब्या लागला आणि मी तो रिता करूनच खाली ठेवला. दुसरा मागितला, तोही संपवला. ती माझ्याकडं बघतच राहिली. ती सरकारी दवाखान्यात नव्यानं आलेली डॉक्टरीण आहे, हे आम्हाला तिथंच कळलं. तिनं वय विचारलं, तहान कधीपासून विचारलं, बोट उलटसुलट करून पाहिलं, आणि मग पाळीचं विचारलं. लाजेनं मी पदर तोंडाला लावला. सासूबाईच अभिमानानं म्हणाल्या, "तिला देवीनं लवकर मोकळी केली."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात बोलावून लघवी तपासली. नळीतलं निळं औषध माझ्या डोळ्यांदेखत विटकरी रंगाचं झालं. मधुमेह. त्यांनी शांतपणे समजावलं, की पाळी असते तोवर बाईच्या अंगाला आतून एक राखण असते. ती वेळेआधी उठली, की साखर, रक्तदाब अशी उतारवयातली दुखणी लवकर मागं लागू शकतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, आणि तुमचं नेमकं कशानं झालं हे मला छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्यांची पाळी लवकर जाते त्यांनी तपासून घ्यावं, थांबू नये. मग गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "सकाळी उठल्यावर खायचं आणि गोळी घ्यायची. उपाशीपोटी कामाला लागायचं नाही, तहान मारायची नाही." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. दुपारपर्यंत उपाशी राहता येणार नसेल, तर मी देवीला जेवू घालणार कशी?

पळी परत सासूबाईंकडं गेली. गोळीनं तहान हटली, बोट भरलं, अंगात बळ आलं, आणि मी मात्र पुन्हा उंबऱ्याबाहेर. त्या गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, चुलीपुढं कण्हायच्या, आणि मी न्याहारी करून धडधाकट बसलेली. काय ओढ लागली होती मला, सांगता येत नाही. भाताचा वास आला की दोन्ही हात शिवशिवायचे. देवीला म्हणायची, बाई गं, पोटची दिली नाहीस तेही मी गिळलं. आता तूही मांडीवरून उठून गेलीस? हे दुखणं तेवढं काढून घे, दुसरं काही मागत नाही. रोज तेच मागायची, हट्टानं. शेवटी एके दिवशी मागायचंच संपलं. म्हटलं, दुखणंही तुझं, पळीही तुझी, मीही तुझीच. कुठं बसवायचं तिथं बसव. आणि उंबऱ्याबाहेर बसून नुसती तिच्याशी बोलायला लागले. आज डाळ बोटचेपी शिजलीय बघ, सावकाश खा.

सासूबाई आतून ऐकत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्यांनी मला हाक मारली. अंघोळ करून ये, म्हणाल्या. आले तर चूल पेटलेली, परातीत ज्वारीचं पीठ काढलेलं. "थाप एक भाकरी."

मी म्हटलं, "आत्ता? नैवेद्य तर दुपारी."

"दुपारचा दुपारी. लेकरू उठल्या उठल्या खायला मागतं का न्हाय? का दुपारपातुर उपाशी ठिवतीस त्याला?"

मला कळेना. म्हटलं, "पण माझी गोळी, माझं खाणं..."

"आगं, तिला आधी दूध-भाकर दे. तिच्या ताटातली ऱ्हायलेली तू खा, पाणी पी, गोळी घे आन् लाग दुपारच्या सैपाकाला. लेकराचं उष्टं खाल्लं म्हणून आईचा उपास मोडतो व्हय?"

ज्या बाईनं जन्मभर पाण्याच्या थेंबावाचून देवीचं केलं, ती हे बोलत होती. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर म्हणाल्या, "रडू नगंस, भाकरी करपंल."

ती भाकरी मी दुधात कुस्करली. अगदी मऊ, गुठळी राहू दिली नाही. देवीपुढं वाटी ठेवली, डोळे मिटले, आणि मग तीच वाटी पुढ्यात घेऊन जेवले. त्या टांग्याचं घोडं नेमकं आमच्याच दारात का अडलं, हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. दुखणं अजून आहे, गोळी आहे, तपासणी आहे. ते काढून घे म्हणत होते तोवर काही मिळालं नाही. तिच्या हवाली केलं, तर तिनं त्याच दुखण्यापायी स्वतःची वेळ बदलली. वीस वर्षं मी झोपेतून उठवणाऱ्या लेकराची वाट पाहिली. आता रोज पहाटे मला उठावंच लागतं, कारण तिला भूक लागलेली असते.